गिरिजेकाठचा खेकडा आणि काळबादेवीची खाडी

ज्या मुलखाच्या सरहद्दीला समुद्राच्या लाटेचा स्पर्श कधी झाला नाही, आणि ज्याच्या नद्या पश्चिमेचा सागर जवळ असूनही त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्व समुद्राचा लांबचा रस्ता धरतात, त्या मराठवाड्यातील प्राणिशास्त्रज्ञांनी खाडीच्या चिखलात राहणाऱ्या शिंपल्यांच्या प्रजननाचा छडा लावण्यासाठी सह्याद्री ओलांडून रत्नागिरी गाठावी, ही आपल्या विद्याव्यवहाराच्या इतिहासातील एक विलक्षण घटना आहे. आणि तिच्याकडे आजवर कोणी फारसे वळून पाहिलेले नाही. तिचा मागोवा घेण्यास फुलंब्रीपासून आरंभ करणे मला सोयीचे वाटते. औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराहून, अजिंठ्याच्या रस्त्याने उत्तरेस निघाले म्हणजे हर्सूल आणि चौक्याचा घाट मागे टाकून सुमारे २५ किलोमीटरांवर हे तालुक्याचे गाव लागते. संगीतप्रेमी मराठी माणसाच्या कानी त्याचे नाव बहुधा मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांच्या आडनावातून आधी पडते, गावाची ओळख त्यानंतर होते. काळी जमीन, मका आणि कपाशी, उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या विहिरी, आणि म्हैसमाळच्या डोंगरात उगम पावून पूर्वेकडे पूर्णेला मिळावयास निघालेली गिरिजा नदी, असा हा मुलूख. पश्चिम किनारा येथून सरळ रेषेत मोजला तरी अडीचशे किलोमीटरांहून दूर आहे.

समुद्र येथे पूर्वापार आला तो मिठाच्या रूपाने. रेल्वे आणि पक्क्या सडका होण्यापूर्वी कोकणच्या मिठागरांत पिकलेले मीठ घाटमाथ्यावर चढविण्याचे काम लमाण-वंजाऱ्यांच्या तांड्यांकडे होते. खाली उतरताना धान्य आणि वर चढताना मीठ, अशा त्या बैलांच्या फेऱ्या चालत, आणि वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर जकात भरीत हा माल देशावरच्या बाजारपेठांत पोचे. मिठाबरोबर आणि मिठाच्याच आधाराने येणारा दुसरा सागरी जिन्नस म्हणजे सुकट, सोडे आणि बोंबील. आठवडे बाजारात आजही गोणपाटावर मांडलेले त्यांचे ढीग वासावरूनच ओळखू येतात. ज्यांनी उभ्या जन्मात भरती-ओहोटी पाहिली नाही, त्यांच्या भाकरीबरोबर समुद्र असा वाळवून, खारवून येत असे. पाण्यातील मिठाच्या कमीजास्त प्रमाणावर लक्षावधी सूक्ष्म जीवांचे जन्ममरण अवलंबून असते, ही कल्पना मात्र या बाजारात कोणाला असण्याचे कारण नव्हते.

तथापि मिठाविना असे जीव कसे वाढावेत, या प्रश्नाचे एक उत्तर गिरिजेच्या काठावरच, बांधातल्या बिळांत, पूर्वीपासून नांदत होते. मृगाचा पहिला दमदार पाऊस होऊन ओढ्यांना पाणी आले की रात्री कंदील किंवा बॅटरी घेऊन खेकडे धरावयास जाणारी पोरे मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात आढळतील. त्यांच्या हाती येणारा काळसर, जाड कवचाचा खेकडा म्हणजे प्राणिशास्त्रज्ञांचा बॅरिटेल्फ्युसा क्युनिक्युलॅरिस. त्याची मादी उलटी करून तिच्या पोटाखालची रुंद झडप बोटाने अलगद उचलली, तर योग्य दिवसांत तिच्या आत पिवळसर-नारिंगी अंड्यांचा घोस चिकटलेला दिसतो. आणि आणखी काही आठवड्यांनी पाहिले तर त्याच जागी, एकमेकांच्या पायांत पाय अडकवून बसलेली, आठ पाय आणि दोन नांग्या असलेली, आकाराने मुगाएवढी पण सर्वांगाने परिपूर्ण खेकडीची पिल्ले वळवळत असतात. या दृश्यावरूनच आपल्याकडे असा समज रूढ झाला की खेकडीची पिल्ले तिचेच पोट पोखरून बाहेर पडतात आणि तिला खाऊन टाकतात. समज फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजपुत्रांपासून राजाने सावध का असावे हे सांगताना जन्मदात्याला खाणाऱ्या खेकड्याचीच उपमा एका पूर्वाचार्याच्या तोंडी आली आहे. उपमा राजकारणाला चपखल असेल, पण खेकडीवर ती निव्वळ अन्याय करते. पिल्लांना खावयास घालण्यासाठी ती स्वतःचा देह देत नाही. ती त्यांना प्रत्येक अंड्यातील भरपूर बलकाची शिदोरी देते, आणि म्हणूनच तिच्या अंड्यांची संख्या काही शेकड्यांतच राहते.

समुद्रातल्या खेकड्यांची, शिंपल्यांची आणि कालवांची रीत याच्या अगदी उलट. तेथे अंडी लाखांनी घातली जातात, आणि त्यांतून बाहेर पडतो तो आईबापांशी रूपाने कोणतेही साम्य नसलेला, डोळ्यांना जेमतेम दिसेल न दिसेल असा, पाण्यावर तरंगणारा जीव. त्यालाच शास्त्रात डिंभ म्हणतात. तिसरी किंवा कालव यांची गोष्ट घेतली तर मादीची अंडी आणि नराचे रेत पाण्यातच एकत्र येतात. काही तासांत फलित अंडे केसाळ भोवऱ्यासारखे फिरू लागते. सुमारे एका दिवसात त्यावर दोन पारदर्शक शिंपा धरतात, ज्यांची बिजागरीची बाजू सरळ असल्याने त्यांचा आकार अर्धचंद्रासारखा दिसतो. आणि मग दोन-तीन आठवडे हा जीव पुढच्या बाजूच्या रोमयुक्त पडद्याच्या जोरावर पोहत, अतिसूक्ष्म शैवाल गिळत, प्रवाह नेईल तिकडे जात राहतो. शेवटी त्याला पाय फुटतो, तो तळ चाचपू लागतो, आणि बसण्याजोगी जागा सापडली तर तेथे कायमचा स्थिरावतो. लाखांतले किती या मुक्कामापर्यंत पोचतात हे त्या दोन-तीन आठवड्यांत पाणी कसे वागते यावर ठरते, आणि पाण्याच्या वागण्याची दोन प्रमुख अंगे म्हणजे त्याची उष्णता आणि त्याची लवणता.

उष्णतेचा कारभार समजावयास सोपा आहे. शीतरक्ताच्या प्राण्यांत शरीराची सर्व रासायनिक कामे पाण्याच्या तापमानाने चालतात, आणि तापमान दहा अंशांनी वाढले तर त्यांचा वेग साधारणतः दुपटी-तिपटीने वाढतो. पाणी उबदार असेल तर डिंभ लवकर वाढतो, लवकर तळाला बसतो, आणि माशांच्या तोंडी पडण्याची त्याची मुदत कमी होते. थंड असेल तर तीच वाढ रेंगाळते. परंतु वेगाला मर्यादा आहे. एका टप्प्यापलीकडे प्रथिनांचीच घडी मोडू लागते, आणि उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळत असल्यामुळे मागणी वाढलेली असताना पुरवठा घटतो. लवणतेची गोष्ट याहून गुंतागुंतीची. समुद्राच्या पाण्यात हजार भागांस सरासरी ३५ भाग क्षार असतात आणि डिंभाच्या अंगातील रसही जवळजवळ तितकाच खारट असतो. पाणी एकाएकी गोडे झाले की तर्षणाच्या नियमाने ते आत शिरू लागते, पेशी फुगतात, आणि ते पाणी बाहेर फेकण्यात, आतले क्षार धरून ठेवण्यात डिंभाची सगळी शक्ती खर्च होते. वाढीला मग काही उरत नाही. प्रौढ तिसरी अशा वेळी दोन्ही शिंपा घट्ट मिटून चिखलात काही दिवस निभावून नेऊ शकते. डिंभाची कवची इतकी पातळ आणि त्याची पोहण्याची गरज इतकी निकडीची असते की मिटून बसणे त्याला परवडत नाही.

युरोपात या विषयाचा विचार सुरू झाला तो उष्णतेपासून, आणि ते तेथील समुद्राला धरूनच होते. इंग्लिश खाडीच्या पाण्यात उन्हाळा आणि हिवाळा यांत लवणतेचा फरक नगण्य, पण तापमानाचा मोठा. तेव्हा १९२० साली जे. एच. ऑर्टन यांनी सागरी प्राण्यांचे प्रजनन पाण्याच्या तापमानाने नियंत्रित होते असा सिद्धांत मांडला, त्यात नवल नाही. नवल हे की तो सिद्धांत आपल्या विद्यालयांतून बराच काळ जणू सर्व समुद्रांस लागू असल्यासारखा शिकविला गेला. वस्तुतः आपल्या किनाऱ्याने त्याला केव्हाच हरकत घेतली होती. मद्रासच्या मत्स्यखात्यात काम करणारे जेम्स हॉर्नेल विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतच तिकडील खाजणांतल्या कालवांचा अभ्यास करीत होते. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूटमधील प्रा. पी. आर. आवटी यांनी एच. एस. राय यांच्यासह मुंबईच्या कालवावर लिहिलेला प्रबंध १९३१ साली भारतीय प्राणिशास्त्रीय ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला, आणि मुंबई इलाख्यातील विद्यार्थ्यांच्या किती तरी पिढ्यांनी कालव चिरला तो त्याच्याच आकृत्या समोर ठेवून. १९३९ साली एन. के. पणिक्कर आणि आर. गोपाल अय्यर यांनी मद्रासच्या मचूळ पाण्यातील प्राण्यांच्या प्रजननावरील निरीक्षणे प्रसिद्ध केली, आणि १९५१ साली के. वीरभद्र राव यांनी खाजणातल्या कालवाचे अंडी सोडणे, वाढणे आणि तळाला चिकटणे यांचा लवणतेशी असलेला संबंध मांडला. जेथे पाणी बाराही महिने उबदारच, तेथे घड्याळ चालविते ते पावसाचे गोडे पाणी, असा या सर्व कामाचा रोख.

कोकणच्या दर्यावर्दी लोकांना यातले काही व्यवहाराने ठाऊक असलेच पाहिजे, असे मला वाटते. आंग्र्यांच्या आरमाराला ज्या शत्रूशी बाराही महिने झुंजावे लागे तो इंग्रज किंवा सिद्दी नव्हता. तो लाकूड पोखरणारा शिंपल्यांच्याच जातीचा किडा होता. त्याचा डिंभ पाण्यातून पोहत येऊन सागवानी तळाला चिकटतो, एवढेसे भोक पाडून आत शिरतो, आणि बाहेरून धड दिसणारी फळी आतून चाळणीसारखी करून टाकतो. गलबते पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून घेण्यामागे वादळाचे भय होतेच, पण वाळलेल्या लाकडात हा किडा तग धरीत नाही हाही लाभ होता, आणि नदीच्या गोड्या पाण्यात जहाज नेऊन नांगरण्याची युक्ती तर जगभरच्या खलाशांना माहीत होती. विजयदुर्गाजवळ गिऱ्ये येथे वाघोटन खाडीच्या काठी मराठ्यांच्या आरमाराची जी गोदी अजून दिसते, तिच्याकडे पाहताना या चिमुकल्या शत्रूचा विचार मनात आल्याखेरीज राहत नाही.

या लाकूडपोखऱ्यांनीच पुढे आपल्या कथेचा नायक पुरविला. विशाखापट्टणचे बंदर बांधल्यावर तेथील लाकडी सामानाची जी नासाडी होऊ लागली, तिच्यामुळे आंध्र विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात प्रा. पी. एन. गणपती यांच्या भोवती या विषयाचा एक वर्गच तयार झाला, आणि त्यात आर. नागभूषणम या तरुण संशोधकाने मार्टेशिया नावाच्या पोखऱ्या शिंपल्याच्या डिंभांवर अल्प लवणतेचा काय परिणाम होतो याचे प्रयोग केले. किती गोडे पाणी मिसळले असता डिंभ पोहणे थांबवतो, किती वेळात मरतो, आणि परत खाऱ्या पाण्यात घातल्यास सावरतो की नाही, असे हे साधे दिसणारे प्रश्न. पण बंदराच्या अभियंत्याला पावसाळ्यानंतर नवे लाकूड पाण्यात केव्हा उतरवावे हे त्यांच्या उत्तरांवरून ठरविता येते. हेच नागभूषणम पुढे औरंगाबादच्या विद्यापीठात आले आणि प्राणिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून तेथे त्यांनी संशोधकांची मोठी परंपरा उभी केली. समुद्राकाठचा माणूस समुद्रापासून इतक्या दूर आला, आणि येताना समुद्र बरोबर घेऊन आला.

यात राजकीय भूगोलाचा वाटा आहे, आणि तो दुर्लक्षून चालणार नाही. उत्तर सरकारांचा किनारा अठराव्या शतकात इंग्रजांच्या अमलाखाली गेल्यानंतर निजामाच्या राज्याला समुद्र उरला नव्हता. त्या राज्यात मराठवाड्यातील विद्यार्थी उस्मानिया विद्यापीठाच्या परीक्षा देत, आणि रत्नागिरी त्यांच्या दृष्टीने दुसऱ्याच दौलतीचा जिल्हा होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात सामील झाला, आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्‌घाटन होऊन एस. आर. डोंगरकेरी त्याचे पहिले कुलगुरू झाले. त्याच १९५८ साली रत्नागिरीस राज्य सरकारचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र उभे राहिले, जे पुढे कोकण कृषी विद्यापीठाकडे आले. लेण्यांच्या डोंगराखाली वसलेले विद्यापीठ आणि रत्नागिरीच्या समुद्राकाठचे केंद्र एकाच वर्षी जन्मावे हा योगायोग असेल. पण औरंगाबादच्या संशोधकाला रत्नागिरीजवळची काळबादेवीची खाडी आपल्याच राज्यातली, आपल्याच भाषेतली वाटू लागली, हा त्या १९५६ च्या निर्णयाचा कोणी न गणलेला परिणाम होय.

नागभूषणम यांचे सहकारी यू. एच. माने यांनी काळबादेवीच्या खाडीतील कॅटेलिशिया आणि पॅफिया या शिंपल्यांवर, बिदरकरांनी खडकावरच्या कालवावर आणि तळीखेडकरांनी मिऱ्याच्या पुळणीतल्या डोनॅक्स या पाचराकृती शिंपल्यावर जे काम केले, ते १९७० नंतरच्या दशकात देशी आणि परदेशी नियतकालिकांतून प्रसिद्ध झाले. कामाची पद्धत चिकाटीची होती. दर महिन्याला ओहोटीच्या वेळी खाडीतून ठरावीक संख्येने शिंपले उचलायचे. त्याच वेळी पाण्याचे तापमान आणि लवणता नोंदवायची. शिंपा उघडून बीजकोशाचा तुकडा काढायचा, मेणात बसवून त्याचे पातळ काप करायचे, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली नर-मादी आणि अंड्यांची अवस्था ठरवायची. आणि वर्षभराच्या नोंदी एका तक्त्यावर मांडून पाण्याच्या कोणत्या पालटापाठोपाठ बीजकोश रिकामा होतो ते पाहायचे. माने यांनी तर एक शिंपला तासाभरात अंगातून किती पाणी गाळून सोडतो आणि तो वेग उष्णतेने व लवणतेने कसा बदलतो, याचेही मोजमाप केले.

ज्या खाडीत हे चालले होते, तेथे ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या आणि मुळे काढणाऱ्या बाया पिढ्यान्‌पिढ्या येत होत्या. पायाच्या अंगठ्याने चाचपडून शिंपला कोठे आहे ते ओळखणे, भांगाच्या दिवसांत फारसे न निघता उधाणाच्या ओहोटीची वाट पाहणे, आणि मुसळधार पावसानंतर तोंड वासलेले मेलेले शिंपले दिसले की खाडीला गोडे पाणी लागले असे म्हणून परत फिरणे, हे त्यांचे शास्त्र. रत्नागिरीस वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. उन्हाळ्यात जी खाडी समुद्राइतकी खारी असते, तीच आषाढात वरच्या थरात जवळजवळ गोडी होते, तापमान मात्र वर्षभरात थोड्याच अंशांनी हलते. फुलंब्रीकडे याच्या पाव हिश्श्याहूनही कमी पाऊस होतो. पाणी येणे आणि न येणे यांतच ज्यांचे बालपण गेले, अशा दुष्काळी मुलखातल्या विद्यार्थ्यांना पाण्याच्या अतिरेकाने मरणारे जीव पाहून काय वाटले असेल, असा प्रश्न मला पडतो. त्यांच्या निबंधांतून अर्थातच तो उमटत नाही.

उष्णता आणि लवणता यांचा स्वतंत्र हिशेब पुरेसा नाही, हे त्यापूर्वीच अमेरिकेतील मिल्फर्डच्या प्रयोगशाळेने दाखवून दिले होते. तेथे डेव्हिस आणि कॅलाब्रीझ यांनी १९६४ साली कालवाच्या आणि शिंपल्याच्या डिंभांना तापमान आणि लवणता यांच्या नाना जोड्या देऊन पाहिले, तेव्हा असे आढळले की लवणता अनुकूल असताना जे तापमान डिंभ बिनतक्रार सोसतो, तेच लवणता उतरली की त्याला असह्य होते. एका बाजूने ताण आला की दुसरीकडची सोसण्याची कक्षा आकुंचन पावते. आपल्या खाड्यांत हा ताण एकाच वेळी दोन्हीकडून येत नाही, आणि हे आपल्या शिंपल्यांचे भाग्य म्हणावयाचे: वैशाखात पाणी तापते तेव्हा ते पुरेपूर खारे असते, आणि श्रावणात गोडे होते तेव्हा ढगांमुळे निवलेले असते. मात्र वैशाखातच अवकाळी धो-धो पाऊस कोसळू लागला तर ही वाटणी मोडते.

याच नागभूषणमांच्या औरंगाबादच्या प्रयोगशाळेत ए. डी. दिवाण यांच्यासारखे संशोधक त्या काळ्या, गोड्या पाण्यातल्या खेकड्याच्या प्रजननचक्रावर काम करीत होते. एका टेबलावर समुद्राला लेकरे सोपविणारा शिंपला, दुसऱ्यावर ती पोटाशी धरणारी खेकडी. हा संगम मला त्या विभागाच्या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. डॅनिश शास्त्रज्ञ गुन्नार थोरसन यांनी ग्रीनलंडच्या गोठत्या समुद्रात काम करून १९५० साली असे मांडले होते की उष्ण समुद्रांत तळाशी राहणाऱ्या बहुसंख्य प्राण्यांची पिल्ले तरंगत्या डिंभाच्या रूपात वाढतात, पण ध्रुवाकडे जावे तसे असे डिंभ विरळ होत जातात आणि थोडी, मोठी, बलकाने भरलेली अंडी घालून आईजवळच पिल्ले वाढविण्याची रीत वाढत जाते. कारण तेथे तरंगणाऱ्या जीवाला पुरेसे अन्न मिळण्याचा काळ फारच थोडका. ग्रीनलंडला जे थंडीने केले, ते गिरिजेच्या काठी मिठाच्या अभावाने आणि ओढ्याच्या बेभरवशाने केले. चार महिने वाहून आठ महिने आटणाऱ्या ओढ्यात सोडलेला डिंभ एक तर पुराने वाहून जाईल, नाही तर डबक्यात वाळेल. तेव्हा खेकडीने डिंभावस्थाच अंड्याच्या आत उरकून टाकली, आणि समुद्राशी असलेले पूर्वजांचे देणेघेणे कायमचे मिटविले.

गोदावरीच्या मोठ्या झिंग्याला मात्र ते मिटविता आलेले नाही. मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनाय नावाचा हा झिंगा जगतो गोड्या पाण्यात, पण त्याचे डिंभ मचूळ पाण्याखेरीज वाढत नाहीत. म्हणून अंडी पोटाशी धरून माद्या प्रवाहाबरोबर मुखाकडे उतरतात आणि वाढलेली पिले काठाकाठाने पुन्हा नदी चढू लागतात. १८४७ ते १८५२ या काळात सर आर्थर कॉटन यांनी राजमहेंद्रीखाली धवळेश्वरम येथे गोदावरीला बंधारा घातला, आणि त्याने त्रिभुज प्रदेशातील लाखो एकर जमीन भिजली; पण या चढणाऱ्या पिलांच्या वाटेत तो भिंतीसारखा उभा राहिला. के. एच. इब्राहिम यांनी १९६२ साली या झिंग्याच्या मासेमारीवर आणि जीवनक्रमावर जो निबंध लिहिला, तो या बंधाऱ्याच्या परिसरातील निरीक्षणांचा म्हणून आजही वाचला जातो. त्यानंतर वर पोचमपाड झाले, पैठणला जायकवाडी झाले, पूर्णेवर सिद्धेश्वर आणि येलदरी झाले. गिरिजेचे पाणी समुद्राला मिळते ते यांतल्या जायकवाडीखेरीज बाकीचे सारे दरवाजे ओलांडून. उलट्या दिशेने चढणाऱ्या जीवाला ते कोणी उघडत नाही.

या झिंग्याचा थोरला भाऊ, रोझेनबर्गाय, तलावांत वाढविण्याची कल्पना जगभर फार जुनी होती, आणि ती अडत होती ती डिंभापाशीच. १९६१-६२ च्या सुमारास मलायातील पिनांगच्या केंद्रात शाओ-वेन लिंग यांनी हा तिढा सोडविला. गोड्या पाण्यात डिंभ चार-पाच दिवसांत मरत. वैतागलेल्या लिंगसाहेबांनी हाताशी होते ते सगळे पाण्यात घालून पाहिले आणि सोयाबीनचा खारट रस्सा घालताच डिंभ तरतरीत झाले, अशी आख्यायिका मत्स्यशास्त्राच्या वर्गात हमखास सांगितली जाते. पुढे हवाई बेटांत ताकुजी फुजिमुरा यांनी हे काम घाऊक प्रमाणावर नेले. आज कोणत्याही बीजकेंद्रात गेलात तर टाकीतले पाणी हजारी १२ भाग खारे आणि २८ ते ३१ अंश उबदार राखलेले आढळते, आणि त्यात डिंभ डोके खाली, पोट वर, शेपटी पुढे अशा उफराट्या चालीने पोहत असतात. अकरा अवस्थांतून त्यांची कात पडते. साधारण महिन्याभराने एके दिवशी ते सुलटे होतात, आणि त्या क्षणापासून त्यांना मीठ लागत नाही. पाणी २४ अंशांच्या खाली गेले तर हा महिना लांबत जातो आणि टाकीतली गर्दी विरळ होऊ लागते. किनाऱ्यापासून दूर असलेली बीजकेंद्रे यासाठी मिठागरातले तीव्र खारे पाणी टाकीगाड्यांतून आणून गोड्या पाण्यात मिसळतात. लमाणांच्या बैलांनी जो व्यापार केला, तो आता डिझेलवर चालतो.

सुलटे झालेले बीज पिशव्यांत प्राणवायू भरून देशावरच्या तलावांत सोडता येते. तेथे ते वाढते, हिवाळ्यात पाणी निवले की मंदावते, आणि बाजारात चांगला भाव देते. माद्या अंडीही धरतात. ती नारिंगी अंडी करडी होतात, फुटतात, तलावभर डिंभ उलटे पोहू लागतात आणि आठवड्याच्या आत संपतात. तलावाचा मक्ता घेणाऱ्या मच्छीमार संस्थेला म्हणून पुढच्या हंगामाच्या बीजाची मागणी, आगाऊ रकमेसह, पुन्हा किनाऱ्याकडेच नोंदवावी लागते.